१.९ टक्के व्याज की अडीच हजार रोख? आधी सांगा, गाडी किती वर्षं ठेवणार

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ राहतो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मी त्याच्या जोडीने मिळणाऱ्या एच-फोरवर, पण मला कामाची परवानगी आहे. मे महिन्यात दुसरं बाळ येतंय आणि एप्रिलअखेर सांगलीहून आई-बाबा येतील. जुन्या सेडानमध्ये दोन कार सीट आणि चार मोठी माणसं बसणं शक्य नाही, म्हणून सात सीटची नवी गाडी बघतोय. सगळे कर धरून ३६,००० डॉलर होतात. ६,००० आम्ही सुरुवातीला भरणार आहोत. कंपनीची ऑफर अशी आहे: एकतर १.९ टक्क्यांनी ६० महिन्यांचं कर्ज, नाहीतर २,५०० डॉलर रोख सूट आणि कर्ज तुमचं तुम्ही बघा. आमची क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था) ६.५ टक्क्यांनी ६० महिन्यांसाठी द्यायला तयार आहे. डीलरकडचा माणूस म्हणतो, रोख सूट घ्या, मी ७.९ टक्क्यांनी ८४ महिने करून देतो, हप्ता फक्त ४२७. नवऱ्याला १.९ हवंय. न्यू जर्सीचे मोठे दीर म्हणतात, रोख सोडू नका. मला ४२७ चा हप्ता बरा वाटतो, कारण बाळंतपणानंतर काही महिने माझा पगार नसेल. हाताशी आणखी २४,००० डॉलर आहेत. त्यातले १५,००० घालून कर्जच निम्मं करावं, असंही नवऱ्याच्या मनात आहे. त्याच्या कंपनीत दोनदा कपात झाली आहे आणि व्हिसाची मुदत पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आहे. ऑफर २ मार्चला संपते, आणि सासूबाईंचा आग्रह आहे की गाडी पाडव्यालाच घरी यावी. काय करावं?

उत्तर :

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ व्याजदराची नाही. व्हिसाची मुदत आणि कंपनीतली कपात तुम्ही शेवटी जाता जाता सांगितलीत, पण माझं सगळं उत्तर तिथूनच निघतं. तेव्हा आधी निकाल सांगते. ८४ महिन्यांचा विचार आजच सोडून द्या. उरलेल्या दोन पर्यायांत, तुमच्या परिस्थितीत मी २,५०० ची रोख सूट आणि क्रेडिट युनियनचं कर्ज घेईन. १.९ टक्के वाईट म्हणून नव्हे. पाच वर्षं पूर्ण फेडलं तर तेच स्वस्त पडतं. पण त्याचा फायदा पदरात पडायला जितका काळ लागतो, तितका काळ तुम्ही ती गाडी ठेवाल याची आज कुणालाच खात्री देता येत नाही.

आता हिशेब. १.९ टक्क्यांनी ३०,००० डॉलर ६० महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता साधारण ५२५ डॉलर. पाच वर्षांत ३१,४७१ डॉलर भराल, म्हणजे व्याज १,४७१. रोख सूट घेतली तर कर्ज २७,५०० चं. ६.५ टक्क्यांनी त्याचा हप्ता ५३८ आणि एकूण भरणा ३२,२८४. म्हणजे पाच वर्षांअखेर १.९ वाला पर्याय ८१३ डॉलरने स्वस्त. नवऱ्याचं म्हणणं इथवर बरोबर आहे.

पण हे १.९ टक्के येतात कुठून? मोठ्या कार कंपन्यांच्या स्वतःच्या फायनान्स कंपन्या असतात. जनरल मोटर्सने आपली १९१९ सालीच काढली होती. ही फायनान्स कंपनीसुद्धा बाजारातूनच पैसा उचलते आणि तिलाही तो बाजारभावानेच मिळतो. ती तुम्हाला १.९ ने देते तेव्हा मधला फरक गाडी बनवणारी कंपनी विक्रीच्या खर्चातून तिला आधीच भरून देते. तुमच्याबाबतीत ही भरपाई किती, ते काढता येतं. ५२५ चे साठ हप्ते ६.५ टक्क्यांच्या दराने आजच्या किमतीत आणले, तर ते २६,८०८ डॉलर होतात. कर्ज मात्र ३०,००० चं. म्हणजे १.९ टक्क्यांच्या रूपाने कंपनी तुम्हाला सुमारे ३,२०० डॉलरची सूट देते आहे, आणि दुसऱ्या हाताने २,५०० रोख. पैसा तोच, कारखान्याचाच. एकदा हे कळलं की 'स्वस्त व्याज' आणि 'रोख सूट' या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत, दोन्ही डॉलरमध्ये शेजारी ठेवता येतात.

म्हणूनच व्याजदर चढे असताना अशा ऑफरला एवढा मान असतो. बाजारात कर्ज साडेतीन टक्क्यांना मिळत असतं, तर याच १.९ टक्क्यांची किंमत जेमतेम १,१७० डॉलर असती. दर वाढले तशी कंपनीला तीच जाहिरात जवळजवळ तिप्पट महाग पडू लागली, म्हणून शून्य टक्क्याच्या ऑफर मोजक्या मॉडेलवर आल्या आणि त्यांची मुदतही आखूड झाली. फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, जुलै २०२३ मध्ये आपला दर ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत तिथेच ठेवला. नंतर तो खाली आणायला सुरुवात झाली, पण गाडीच्या कर्जाचे दर त्याच वेगाने उतरलेले नाहीत.

मग कंपनी सरळ किंमतच का कमी करत नाही, असं तुम्हाला वाटेल. टेस्लाने जानेवारी २०२३ मध्ये ते करून पाहिलं. अमेरिकेत मॉडेल वाय लाँग रेंजची किंमत ६५,९९० डॉलरवरून एका झटक्यात ५२,९९० वर आणली. आदल्याच महिन्यात ज्यांनी गाडी घेतली होती त्यांचा संताप झाला, आणि वापरलेल्या गाड्यांचे भावही त्याबरोबर खाली ओढले गेले. इतर कंपन्यांना हे नको असतं. काचेवरच्या कागदावरची छापील किंमत तशीच ठेवायची आणि सूट व्याजात किंवा रोखीत द्यायची, म्हणजे मॉडेलचा भाव टिकतो आणि मुदत संपली की ऑफर गुपचूप मागे घेता येते. ही रीत जुनी आहे. क्रायस्लरने १९७५ मध्ये रोख परतावा देऊन गाड्या खपवल्या, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००१ मध्ये जनरल मोटर्सने शून्य टक्के जाहीर केले तेव्हा बाकीच्यांनाही मागोमाग यावं लागलं.

आता काळाचा मुद्दा. रोख सूट पहिल्याच दिवशी पूर्ण मिळते. स्वस्त व्याजाचा फायदा मात्र दर महिन्याला थोडा थोडा येतो. गाडी मध्येच विकली किंवा कर्ज आधी फेडलं, तर उरलेला फायदा तुमच्या हातून गेला. तुमचेच आकडे घेते. समजा दोन वर्षांनी तुम्हाला गाडी विकून परतावं लागलं. तोवर भरलेले हप्ते आणि फेडायचं राहिलेलं कर्ज यांची बेरीज १.९ च्या पर्यायात ३०,९२९ होते आणि रोखीच्या पर्यायात ३०,४७०. म्हणजे रोख साडेचारशेने पुढे. तीन वर्षांनी तीच बेरीज ३१,२२६ आणि ३१,४५०, म्हणजे आता १.९ सव्वादोनशेने पुढे. दोन्ही पारडी बरोबर होतात ती अडीच वर्षं उलटल्यावर, बत्तिसाव्या महिन्याच्या आसपास. व्हिसाची मुदत त्याच्या बरीच आधी संपते.

मुदत वाढेल, बहुतेकांची वाढते. तुमच्या नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेलं असेल तर सहा वर्षांनंतरही वाढत राहते. तसं असेल, कंपनीची अवस्था सुधारलेली असेल आणि ही गाडी पाच-सात वर्षं वापरायचीच असं तुम्ही ठरवलं असेल, तर माझं मत बदलेल आणि मी १.९ घ्यायला सांगेन. पत्रात आय-१४० चा उल्लेख नाही. दोनदा झालेल्या कपातीचा आहे.

रोखीच्या बाजूने आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, ६.५ चं कर्ज कायमचं गळ्यात पडत नाही. दर उतरले तर वर्षभराने दुसऱ्या क्रेडिट युनियनकडे रिफायनान्स करता येतं, म्हणजे कमी दराचं नवं कर्ज घेऊन जुनं फेडता येतं, आणि २,५०० तुमच्याकडेच राहतात. मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही ना, एवढं करारात वाचून घ्या. १.९ टक्क्यांत पुढे सुधारणेला जागाच नसते.

दुसरी गोष्ट कराची, आणि ती आपल्या मंडळींना फारशी ठाऊक नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कर कायद्याने नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज फेडरल उत्पन्नातून वजा करायची सोय दिली आहे. वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर, २०२५ ते २०२८ या वर्षांपुरती, आणि स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरावीक वजावट, घेणाऱ्यांनाही. अटी अशा: कर्ज २०२४ संपल्यानंतरचं हवं, गाडी नवी आणि स्वतःच्या वापरासाठी हवी, तिची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी, आणि पती-पत्नी मिळून रिटर्न भरत असाल तर उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर गेलं की ही वजावट कमी कमी होत जाते. लीजच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेल्या, गाडीला ती नाही. ब्रँड जपानी आहे की अमेरिकी, याने काही ठरत नाही. कितीतरी जपानी गाड्या केंटकीत आणि अलाबामात बनतात, आणि कितीतरी अमेरिकी नावाच्या गाड्या मेक्सिकोत. काचेवरच्या कागदावर अंतिम जुळणीचं ठिकाण छापलेलं असतं, तेच प्रमाण माना. तुम्ही आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि तुमची गाडी या अटींत बसत असेल, तर पहिल्या तीन वर्षांत ६.५ च्या कर्जावर साधारण ८७० डॉलर कर वाचेल आणि १.९ च्या कर्जावर २७०. म्हणजे पाच वर्षं गाडी ठेवूनही १.९ चा तो ८१३ चा फायदा दोनशेच्या घरात येतो. दोनशे डॉलरसाठी मी हातची रोख सोडणार नाही.

आता ४२७ च्या हप्त्याबद्दल. तुमची ओढ मला कळते. पगार थांबणार, डायपर आणि डॉक्टरची बिलं सुरू होणार, तेव्हा महिन्याला शंभर डॉलर कमी म्हणजे मोठा आधार वाटतो. पण ७.९ टक्क्यांनी ८४ महिने भरलेत तर एकूण ३५,८८९ डॉलर जातील. १.९ च्या तुलनेत ४,४०० जास्त, आणि तेही सूट आधीच वजा करून. त्याहून वाईट गोष्ट मधल्या वर्षांत असते. तीन वर्षांनी या कर्जाचे १७,५०० डॉलर फेडायचे राहिलेले असतील. क्रेडिट युनियनच्या कर्जात तेव्हा साधारण १२,१०० राहतात. तीन वर्षं वापरलेल्या, दोन लहान मुलांनी मागच्या सीटवर बिस्किटं सांडलेल्या गाडीचे किती येतील हे कुणी सांगू शकत नाही. नोकरी गेल्यावर एच-वन-बीवाल्याला नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत गाडी विकायची, आणि विकून आलेल्या पैशांत कर्ज फिटत नाही म्हणून खिशातून आणखी हजारो डॉलर घालायचे, ही वेळ आपल्या लोकांवर आलेली मी पाहिली आहे. मुलांच्या शाळेचे दाखले, घराचं भाडं, तिकिटं, सामान, आणि त्यात हे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून इतकं आग्रहाने लिहिते आहे.

पगार नसेल त्या महिन्यांसाठी उपाय तुमच्याकडेच आहे. ते २४,००० डॉलर. ५३८ आणि ४२७ मधला फरक महिन्याला १११ डॉलर. सहा महिन्यांचे ६६६. तेवढे बाजूला काढून ठेवले की झालं. सात वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं कारण उरत नाही.

आणि म्हणूनच त्यातले १५,००० गाडीत घालू नका. नवऱ्याचा विचार सरळमार्गी माणसाचा आहे, आपल्या आई-वडिलांनी आपल्याला तसंच शिकवलं: कर्ज कमीत कमी असावं. एरवी मी पाठिंबा दिला असता. शिवाय कर्ज १५,००० वर आणून तीन वर्षांत फेडायचं ठरवलं, तर १.९ टक्क्यांची किंमत जेमतेम हजार डॉलर उरते आणि अडीच हजारांची रोख बिनविरोध जिंकते. म्हणजे त्या वाटेने गेलात तरी दिरांचंच म्हणणं खरं ठरतं. पण गाडीत गेलेला पैसा गाडी विकल्याशिवाय परत येत नाही. बाळ, आई-बाबा आणि टांगती नोकरी असलेल्या घरात बँकेतल्या पैशाला जी किंमत आहे ती व्याजदरात मोजता येत नाही. पाच-सहा महिन्यांचा खर्च हाताशी राहू द्या. आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमाही त्यातूनच काढायचा आहे, तो विसरू नका.

आता डीलरकडे जाल तेव्हाचं. टेबलापलीकडचा माणूस बहुधा एक कागद पुढे ओढेल आणि पेनने त्यावर अधिक चिन्ह काढून चार खण करेल: गाडीची किंमत, तुमच्या जुन्या गाडीची किंमत, सुरुवातीची रक्कम, महिन्याचा हप्ता. मग विचारेल, "महिन्याला किती जमेल?" या प्रश्नाला आकडा देऊ नका. दिलात की बाकीचे तीन खण तो त्या आकड्याला जुळवून घेईल. जुन्या सेडानला पाचशे जास्त देईल आणि नव्या गाडीत ते परत घेईल, किंवा मुदत वाढवेल. तुम्हाला ४२७ हा आकडा सांगितला गेला तो असाच. घरून ईमेलवर तीन डीलरांकडून सगळे कर आणि फी धरून 'आउट द डोअर' किंमत लेखी मागवा, आणि कारखान्याची सूट वेगळ्या ओळीत आणि डीलरची सूट वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. २,५०० कारखान्याचे आहेत. ते प्रत्येक डीलरकडे मिळणार. एखादा डीलर तेच आपल्या पदरचे म्हणून दाखवत असेल तर त्याने स्वतःचं काहीच दिलेलं नाही. बऱ्याच राज्यांत कर सूट वजा करण्याआधीच्या किमतीवर लागतो, तेव्हा दोन्ही पर्यायांचा अंतिम आकडा लेखीच बघा.

चालकाचं दार उघडलंत की खांबावर एक पांढरं लेबल दिसेल. त्यावर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते छापलेलं असतं. ते जरूर वाचा. डीलरने उभ्या केलेल्या गाड्या त्याच्या स्वतःच्या पैशाच्या नसतात. त्यांच्यासाठी त्यानेही कर्ज काढलेलं असतं आणि त्यावर व्याज चालू असतं. समजा ७ टक्के दर आहे, तर ३६,००० च्या गाडीवर त्याचे महिन्याला २१० डॉलर जातात. सुरुवातीच्या काळात कंपनी त्याला थोडा हातभार लावते, नंतर तो भार त्याच्यावर येतो. मागच्या उन्हाळ्यात बनलेली गाडी फेब्रुवारीत अजून तिथेच असेल तर ती त्याला नकोशी झालेली असते. डीलरच्या पदरची सूट मिळवायची ती अशा गाडीवर.

क्रेडिट युनियनचं मंजुरीपत्र सोबत न्या. त्यानंतर डीलर म्हणेल, मी याहून कमी दर आणून देतो. आणू द्या, खरंच कमी असेल तर घ्या. फक्त एवढं लक्षात असू द्या की बँक डीलरला एक दर देते आणि तो त्यावर साधारण दोन-अडीच टक्क्यांपर्यंत आपला वाटा चढवू शकतो. कारखान्याच्या १.९ सारख्या खास दरावर सहसा असा वाटा चढवता येत नाही, पण ७.९ मध्ये काय काय मिसळलं आहे ते तुम्हाला दिसणार नाही. दोन-तीन ठिकाणी कर्जासाठी अर्ज केल्याने क्रेडिट स्कोअर कोसळेल अशी भीती बाळगू नका. गाडीच्या कर्जाच्या चौकशा १४ दिवसांच्या आत झाल्या तर फायको, म्हणजे हा स्कोअर काढणारी कंपनी, त्या एकच धरते. कर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर काढायचं की दोघांच्या, हे तुमचे स्कोअर पाहून ठरवा. खास दर फक्त उत्तम क्रेडिट असलेल्यांनाच मिळतात, आणि काही कर्जदाते व्हिसाची मुदत पाहून कर्जाची मुदत कमी करतात. म्हणून क्रेडिट युनियनला व्हिसाची तारीख आधीच सांगून ६० महिने पक्के करून घ्या. सही करायच्या दिवशी हे कळायला नको.

सही करताना कराराच्या वरच्या भागातले चार चौकोन बघा: वार्षिक दर, एकूण व्याज, कर्जाची रक्कम, एकूण भरणा. १९६८ च्या कायद्याने ते दाखवणं बंधनकारक केलेलं आहे. कर्जाची रक्कम २७,५०० पेक्षा जास्त दिसली, तर रंगावरचं संरक्षण, टायरमधला नायट्रोजन, काचेवर कोरलेला नंबर, वाढीव वॉरंटी असं काहीतरी आत शिरलं आहे. काढून टाकायला सांगा. गॅप विमा (गाडी निकामी झाली किंवा चोरीला गेली आणि विम्याच्या पैशांत कर्ज फिटलं नाही, तर मधला फरक भरणारा) हवा असेल तर तुमच्या गाडीच्या विमा कंपनीकडे विचारा, तिथे तो बहुधा बराच स्वस्त मिळतो. आणि 'तीन दिवसांत आवडली नाही तर परत' हे नव्या गाडीला लागू नाही. आपल्याकडे अनेकांचा तसा समज आहे. सही केली की गाडी तुमची.

लीजचं तुम्ही विचारलं नाहीत, पण दीर सुचवतीलच. परत जायची शक्यता असलेल्यांना लीज सोयीची वाटते, पण मुदतीआधी मोडायची म्हटली तर ती कर्जापेक्षा महाग पडू शकते. तुम्ही तिकडे वळू नका.

राहता राहिला पाडवा. यंदा तो १९ मार्चला आहे आणि ऑफर २ मार्चला संपते. या ऑफरच्या बारीक अक्षरांत जवळजवळ नेहमी लिहिलेलं असतं की त्या तारखेपर्यंत गाडी ताब्यात घेतली पाहिजे. नुसतं बुकिंग चालत नाही. "पुढच्या महिन्यातही हीच ऑफर येईल" असं डीलर म्हणाला, तर ते त्याच्या हातात नाही, ते कारखाना ठरवतो. येईलही, पण अडीच हजार त्या भरवशावर टांगू नयेत. महिनाअखेरीच्या शनिवारी सौदा करा. क्रेडिट युनियनचा चेक हातात असल्याने 'कर्ज मंजूर झालं नाही, पुन्हा या आणि जास्त दराने सही करा' असा फोन यायची भीती राहणार नाही. सासूबाईंना सांगा, गाडी सौद्यासाठी आधी आणली, पण तिची पूजा पाडव्यालाच होणार. त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, चाकाखालचं लिंबू त्यांच्यासमोरच फोडा. पुढच्या महिन्यात तीच ऑफर नव्याने आली नाही, तर याच गाडीचे २,५०० डॉलर जास्त पडले असते, हेही त्यांना सांगा. घर चालवलेल्या बाईला ते लगेच पटेल.